तुम्ही विचारलंत म्हणून: सोरोरिटीत चेटकिणी कशा बसवायच्या?

"अमेरिकन कॉलेजातल्या सोरोरिटीत चेटकिणी दाखवायच्या आहेत, पण जादू उपरी वाटते. काय करू?" कादंबरी लिहायला घेतलेले लोक हे वारंवार विचारतात. (सोरोरिटी म्हणजे तिथल्या मुलींची, निवडून सदस्य घेणारी संघटना.) उपरी वाटते, कारण ती कढई, मांजर आणि पौर्णिमा घेऊन येते. सोरोरिटीच्या नियमांत निम्मी जादू आधीच रचलेली आहे.

भरतीच पाहा. फेऱ्या होतात, दर फेरीला मुलीच्या यादीतली घरं, म्हणजे कॅम्पसवरच्या वेगवेगळ्या सोरोरिटी, गळत जातात. शेवटची फेरी 'प्रेफरन्स'. बहुतेक ठिकाणी मुलीकडे फार तर दोन घरं उरतात. तिथून निघाली की ती पसंतीक्रम लिहून सही करते. यादीतल्या घराची बिड, म्हणजे सदस्यत्वाचं आमंत्रण, आली आणि तिने नाकारली, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य भरतीपर्यंत बाकीच्या घरांची दारं बंद. हा कागद मंतरलेला आहे असं धरा. रक्ताची शाई वगैरे नको, साधं बॉलपेन पुरे. हल्ली सही ऑनलाइन होते. कागदच हवा तर कथा जुन्या काळात न्या.

किंवा मेणबत्तीचा विधी घ्या. एखादीचं लग्न ठरलं की दिवे मालवून सगळ्या गोल उभ्या राहतात. पेटती मेणबत्ती हातोहात फिरते, बऱ्याचदा तिला अंगठी अडकवलेली. बातमी कोणाची, हे एक-दोघींनाच ठाऊक. ठरलेल्या फेरीला जिची असेल ती फुंकर मारते आणि एकच आरडाओरडा होतो. बदल एवढाच करा: फुंकर कोणीच मारत नाही, मेणबत्ती मात्र विझते.

घोटाळा होतो तो आकड्यांत. तेरा चेटकिणींचं मंडळ ऐकायला छान, पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही मोठ्या विद्यापीठांत एका चॅप्टरला, म्हणजे सोरोरिटीच्या तिथल्या शाखेत, ३००च्या वर मुली असतात. सोरोरिटीच्या इमारतीत राहतात त्यातल्या थोड्याच, पहिल्या वर्षाच्या बहुधा कॉलेजच्या वसतिगृहात. वर हाऊस मदर, म्हणजे त्या इमारतीची देखरेख करणारी बाई. एवढ्यांत गुपित टिकायचं नाही. म्हणून तेरा जणी एकाच 'बिग-लिटल' साखळीतल्या ठेवा. थोरलीला धाकटी मिळते, धाकटीला पुढे तिची धाकटी. कूळ आयतं तयार. मग सेलम, चेटकिणींच्या खटल्यांसाठी गाजलेलं अमेरिकन गाव, लागत नाही. तिथे १६९२मध्ये फासावर गेलेले १९ जण चेटके नव्हतेच, आणि सोरोरिटीचं एक जुनं मूळ १८५१ साली जॉर्जियातल्या मेकनच्या मुलींच्या कॉलेजात आहे.

बॅज विसरू नका. तो डावीकडे, हृदयावर लावतात. पैसे मुलीने भरले तरी अनेक सोरोरिटींत मालकी संघटनेचीच. सदस्यत्व सोडलं की परत द्यायचा. चेटकिणीने सोडलं तर तो मागायला तिच्या दारात कोण येतं, हे पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवून टाका.