लोण्याचा वास

लोणी चांगलं उतरलंय की नाही हे मी बावीस वर्षं वासावर सांगत आले. दूध संघाच्या प्रयोगशाळेत माझं कामच ते. सकाळी कॅनचं झाकण उघडलं की आधी नाक पुढे करायचं, बाकीच्या तपासण्या मग. लोण्याच्या विरजणात काही जिवाणू असे असतात की ते दुधातल्या सायट्रेटपासून डायअ‍ॅसिटिल नावाचा पदार्थ तयार करतात. ताज्या लोण्याचा जो वास घरभर पसरतो, त्यात मोठा वाटा या डायअ‍ॅसिटिलचा. तो भरून आला की मी खूश, कमी पडला की विरजण बदला म्हणून सांगायचं. मागच्या आषाढात एका बीअरच्या ग्लासातून नेमका तोच वास वर आला तेव्हा माझा हात आधी पूर्ण गुण द्यायलाच निघाला होता.

बीअरकडे कशी वळले ते थोडक्यात सांगते. निवृत्त झाले त्या वर्षी भाच्याच्या मित्रानं विचारलं, "मावशी, यीस्ट मोजायला याल काय?" बेळगावच्या बाहेर एक छोटी ब्रुअरी सुरू झाली होती, हा तिथला ब्रुअर. जागेचं नाव सांगत नाही. गेले ती सूक्ष्मदर्शकासाठी. तिथे मांडणीवर मिथिलीन ब्लूची बाटली दिसली आणि परकेपणा गेला. डेअरीत हाच निळा रंग दुधात घालून आम्ही घड्याळ लावून बसायचो. जिवाणू जास्त असले की निळं लवकर पांढरं पडतं, ते दूध वाईट. यीस्टचं उलटं. जिवंत पेशी रंग पुसून टाकते, मेलेली निळीच राहते. त्या पेशी मोजता मोजता बीअर चाखायलाही शिकले. गुण देते ते अमेरिकेतल्या बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेच्या पद्धतीनं. एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५, आणि सगळं मिळून कशी वाटली याला १०. वाइनसारखी बीअर थुंकून टाकत नाहीत, कारण कडूपणा घशाकडे उतरताना नीट कळतो. म्हणून प्रत्येकीचे दोनच घोट, आणि परत जाताना रिक्षा.

तो मंगळवार होता. सकाळचे अकरा, बाहेर दिवसदिवस न थांबणारा बारीक पाऊस. श्रावण आठवड्यावर आला होता. आपल्या लोकांचं श्रावणात सगळं बंद, त्यामुळे आषाढाच्या शेवटच्या दिवसांत जे खपेल ते खपेल. टाकीत ५०० लिटर लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बीअर, तयार होती आणि ती शनिवारी मोठ्या प्रमाणावर नळाला लावायची होती. मालक पूर्वी उद्यमबागेत मशीनशॉप चालवायचे. टाक्यांची निम्मी वेल्डिंग त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलेली. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते, वयानं ते माझ्याहून थोरच आहेत. त्या दिवशी मामांनी त्यांचे एक साडूही बोलावले होते, कुंदा करणाऱ्या घरातले. जिभेला पक्का माणूस, असं मामांचं म्हणणं, आणि ते खरंच निघालं.

गेल्या गेल्या मी काउंटरवरची उदबत्ती बाहेर नेऊन ठेवली आणि फरसाणाची बशी उचलायला लावली. चाखताना सोबतीला साधा पाव आणि पाणी, बस्स. ग्लास पाण्यानं विसळून उजेडात धरले. आत तेलकट हात लागलेला असेल तर बुडबुडे काचेला चिकटून बसतात.

पहिली गव्हाची. साडू वास घेऊन म्हणाले, "केळं घातलंय काय ओ हिच्यात?" घातलेलं काहीच नव्हतं. या जर्मन पद्धतीच्या बीअरचं यीस्टच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट बनवतं, पिकल्या केळ्याचा वास त्याचाच. मागून लवंगेची एक झाक येते तीही यीस्टचीच. ३४ दिले. पेल एल नावाच्या बीअरला २९, सुवास थकलेला होता, भिजल्या पुठ्ठ्याची अगदी बारीक चाहूल होती. गुळाची काळी बीअर मात्र सगळ्यांना गोड हवी होती आणि ती गोड नव्हती. गूळ म्हणजे बहुतेक साखरच, यीस्ट ती खाऊन टाकतं, मागे उरतो तो काकवीचा खारट-खरपूस अंश. गुऱ्हाळावर कढईच्या कडेला जे करपतं त्याची आठवण. मला ती आवडली, पण अंग फार हलकं झालं होतं. २७.

नाचणीच्या बीअरवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. नाचणी खानापूर तालुक्यातली, जांबोटीकडची. आपल्याकडे नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करायची रीत जुनीच, माल्ट म्हणजे तरी दुसरं काय. अडचण वेगळीच होती. बार्लीला टरफल असतं आणि रस गाळताना त्या टरफलांचाच गाळणीसारखा थर बसतो. नाचणीला तसं टरफल नाही. पहिल्या खेपेला सगळा लगदा गाळणीवर चिखलासारखा बसला, थेंब खाली येईना. मग या पोरानं खानापूरच्या गिरणीतून भाताचं तूस आणलं, धुऊन लगद्यात मिसळलं, आणि रस वाहू लागला. ग्लासात तांबूस रंग, नाकाला तव्यावरून उतरलेली भाकरी. इंग्रजी तक्त्यात 'ब्रेड क्रस्ट' असा शब्द आहे, मी तिथे 'भाकरीचा पापुद्रा' लिहिते. साडू म्हणाले, "ही आमची." मीही म्हणेन, ही या मातीतली आहे आणि तिला जपायला हवं. ३१ दिले. शेवटी जीभ थोडी कोरडी पडते, नाहीतर आणखी दिले असते.

मग लागर. खरं तर सगळ्यात हलकी म्हणून ती आधी घ्यायची, पण तिचा नळ बाहेरच्या नव्या काउंटरवर होता आणि पाऊस थोडा कमी व्हायची वाट बघत आम्ही तिला मागे ठेवलं होतं.

रूप सुंदर. सोन्यासारखी नितळ, वर पांढरा फेस. ३ पैकी ३. ग्लास नाकाशी नेला आणि आधी सांगितलं तसं झालं. लोणी. नुसतं चाहूल देणारं नव्हे, ताकावर तरंगणारं, मुठीत घ्यावं असं लोणी.

"बेष्ट हाय की ओ ही," मामा म्हणाले. "कुंदा खाल्ल्यागत लागतीय."

साडूंनी मान डोलावली. गोकाककडचा एक पोरगा तिथे नळ आणि ग्लास सांभाळतो. त्यालाही मी ग्लास दिला. त्यानं वास घेतला आणि हसून म्हणाला, "बेण्णे वासने, अक्का." बेण्णे म्हणजे लोणीच. दोन भाषांतली तीन नाकं एकच सांगत होती आणि तिघांनाही ते आवडलं होतं. दुधातुपावर वाढलेल्या गावाला हा वास वाईट कसा वाटेल?

पण लागरमध्ये तो दोष आहे. लिटरमागे साधारण एक दशांश मिलिग्रॅम झालं की नाकाला कळतं, आणि मग माल्टची स्वच्छ चव, हॉप्सच्या फुलांचा कडूपणा, सगळं त्या तुपकट पडद्यामागे जातं. दुसऱ्या घोटानंतर तिसरा नकोसा होतो. वासाला ४, चवीला ६, भरीवपणाला ४, एकूण छापेला २. रूपाचे ३ धरून १९.

ब्रुअर पोरगा पांढरा पडला. म्हणाला, "मावशी, चेक पिल्सनरमध्ये थोडं लोणी चालतं की." बरोबर आहे. १८४२ साली प्लझेन गावात पहिली सोनेरी लागर झाली. त्या घराण्यात हलका लोण्याचा स्पर्श खपवून घेतात. पण हा स्पर्श नव्हता, आणि त्यानं फळ्यावर स्वतःच जर्मन पद्धतीची म्हणून लिहिलं होतं. मी ते बोलले. तिथवर ठीक होतं. पुढे मी म्हटलं, "श्रावणाच्या आधी लावायची म्हणून घाई केलीस. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत टाकी थंड केलीस." मामा त्याच्याकडे बघायला लागले. पोरगा काही बोलला नाही. आत जाऊन वही घेऊन आला.

माझ्या म्हणण्याला आधार होता. यीस्ट वाढताना त्याच्यातून एक कच्चा पदार्थ बीअरमध्ये सुटतो, त्याला स्वतःचा वास नसतो, पण त्याचं सावकाश डायअ‍ॅसिटिल होतं. तब्येतीनं चांगलं यीस्ट शेवटी ते परत आत घेऊन त्याचं निरुपद्रवी काहीतरी करून टाकतं. त्यासाठी शेवटचे दोन-तीन दिवस टाकी थोडी ऊबदार ठेवायची असते. तेवढी सवड दिली नाही तर लोणी मागे राहतं. पण वहीत त्यानं १२ अंशांवर आंबवून शेवटी ३ दिवस १७ अंशांवर ठेवल्याचं लिहिलं होतं, रोजच्या नोंदींसकट. माझं नाक एक सांगत होतं, वही दुसरं.

तपासायची रीत सोपी आहे. टाकीच्या नमुन्याच्या नळीतून थेट दोन ग्लास भरून घेतले. दोन्हींवर फॉइल बांधली. एक तसाच ठेवला, दुसरा स्वयंपाकघरातल्या पातेल्यात ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास. कच्चा पदार्थ शिल्लक असेल तर उष्णतेनं त्याचं लगेच लोणी होतं. मग बर्फात निववला आणि दोन्ही ग्लास नाकाशी धरले. एकदा, दोनदा, बाहेर पावसात जाऊन नाक मोकळं करून तिसऱ्यांदा. ना थंड ग्लासात लोणी, ना गरम केलेल्यात. टाकीतली बीअर निर्मळ होती.

चूक माझी होती. चारचौघांत आरोप केला होता, म्हणून चारचौघांतच म्हटलं, "बाळ, तुझं काम चोख आहे. वही आधी बघायला हवी होती मी." तो म्हणाला, "मग ते लोणी कुठलं, मावशी?"

तेव्हा मी नळाच्या ग्लासातला दुसरा घोट घेतला. लोण्याच्या मागे एक आंबूस टोक होतं, जे पहिल्यांदा मी ऐकलंच नव्हतं. यीस्टच्या लोण्याला आंबूस टोक नसतं. आंबट आणि लोणी जिथे जोडीनं येतात तिथे जिवाणू असतात, हे तर मी बावीस वर्षं रोज बघत होते.

मी पान्हा मागितला.

बाहेरच्या काउंटरचा नळ उघडला तर आतल्या रबरी वायसरवर पिवळट बुळबुळीत थर. बोटावर घेऊन वास घेतला, विरजणाचं भांडं. शीतखोलीपासून त्या काउंटरपर्यंत मामांनी पाऊस सुरू व्हायच्या आधी प्लास्टिकचा पाईप ओढला होता, १४ मीटर. बाकीचे चार नळ शीतखोलीच्या भिंतीतच आहेत. एवढ्या लांबीत जवळजवळ लिटरभर बीअर रात्रभर बाहेरच्या हवेत पडून राहते, आणि सकाळी अकरा वाजता आमच्या ग्लासात आली ती नेमकी तीच. पेडिओकॉकस, लॅक्टोबॅसिलस यांना एवढं पुरतं. माणूस यानं आजारी पडत नाही, पण बीअर पडते.

"धुतो कशानं?" मी नळावरच्या पोराला विचारलं. "गरम पाण्यानं, अक्का. रोज." तो खरंच रोज धूत होता. कॉस्टिक सोडा लागतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डेअरीत पाईपांना कॉस्टिक आणि मग अ‍ॅसिड, हा नेम चुकला की दुधाचा दगड बसतो. बीअरचाही दगड बसतो, कॅल्शियम ऑक्झॅलेटचा, आणि त्याच्या खडबडीत जागी जिवाणू घर करतात. मी त्याला हातमोजे, चष्मा घालायला लावलं, २ टक्क्यांचं कॉस्टिक करून पंपानं पंधरा मिनिटं फिरवायला लावलं, नंतर पाणी, पीएचची पट्टी साधी येईपर्यंत. नळ सुटे करून ब्रशनं घासले. दर पंधरा दिवसांनी हे करायचं, आणि दर तीन महिन्यांनी अ‍ॅसिड, असं भिंतीवर कन्नडमध्ये त्यानंच लिहिलं.

बुधवारी सकाळी फोन आला, थोडं लोणी परत आहे. पाईपच्या प्लास्टिकनंच वास धरला होता. मामांना ते सांगणं जिवावर आलं, कारण बाहेरचा काउंटर त्यांच्या हौसेचा. ते काही बोलले नाहीत. दुपारी स्वतः स्टूलावर चढून त्यांनी १४ मीटर पाईप उतरवला आणि लागरचा नळ भिंतीत पाचवा म्हणून बसवला, भोक पाडून, शँक म्हणजे भिंतीतून जाणारी नळाची नळी फिरवून, गळती तपासून. संध्याकाळ झाली त्यात.

गुरुवारी मी गेले. पोरानं मला विचारायच्या आधी पहिला ग्लास भरला आणि मोरीत ओतला. दुसरा भरला, स्वतः नाकाशी धरला, डोळे मिटून बराच वेळ.

"बेण्णे इल्ल, अक्का," म्हणाला, आणि ग्लास माझ्यापुढे केला.

साडू पण आले होते. त्यांना ही आधीच्यापेक्षा फिकी वाटली, तसं ते बोललेही. मला ताज्या बार्लीचा, कच्च्या धान्याच्या पोत्यासारखा वास आला, मग गवताळ हॉप्स, आणि घशाशी नेमका कडूपणा, जो लगेच निघून गेला. वास ८, रूप ३, चव १४, भरीवपणा ४, छाप ७. ३६. हॉप्सचा सुवास अजून जरा दबलेला होता, तेवढं ब्रुअरच्या वहीत लिहिलं आणि मंगळवारच्या १९ पुढे कंसात 'नळ' लिहून खाली सही केली.