वर्दी उतरल्यानंतरचा पत्ता

लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात सॅन व्हिसेंटे नावाचा रुंद रस्ता आहे. एका बाजूला ब्रेंटवुडची श्रीमंत वस्ती, दुसऱ्या बाजूला कुंपण, आणि कुंपणापलीकडे माजी सैनिकांसाठी राखलेली 388 एकर सरकारी जमीन. कोविडच्या काळात या कुंपणाला लागून फुटपाथवर तंबूंची रांग उभी राहिली होती. तंबूंवर अमेरिकेचे झेंडे होते आणि आत राहणारे बरेचसे माजी सैनिक होते. लोक त्या जागेला 'व्हेटरन्स रो' म्हणायचे. नोव्हेंबर 2021 मध्ये ती वस्ती हलवली गेली.

ही जमीन 1888 मध्ये दान मिळालेली आहे. सिनेटर जॉन जोन्स आणि अर्काडिया बँडिनी डी स्टर्न्स बेकर या दोघांनी ती दिली, तीही अपंग सैनिकांना राहायला हक्काची जागा हवी म्हणून. कित्येक दशकं तिथं सैनिक राहतही होते. पुढं इमारती रिकाम्या झाल्या आणि जमिनीचे तुकडे भाड्यानं गेले. कुठं बेसबॉलचं मैदान झालं, कुठं एका खासगी शाळेची क्रीडांगणं, तर एका कोपऱ्यात तेलाच्या विहिरी. ज्यांच्यासाठी दान दिलं ते कुंपणाबाहेर झोपत होते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी हे भाडेकरार बेकायदा ठरवले आणि इथं 1,800 कायमची आणि 750 तात्पुरती घरं बांधा, असा आदेश दिला. त्यावर अपील झालं. मग मे 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, 2028 पर्यंत इथं 6,000 बेघर माजी सैनिकांची सोय करण्याचा. कागदावर आता भरपूर घरं आहेत.

तिकडच्या, म्हणजे भारतातल्या मंडळींशी बोलताना हा विषय निघाला की एकच प्रश्न येतो. ज्या देशात सैनिकांना विमानात आधी चढवतात, भर सामन्यात त्यांना उभं करून टाळ्या वाजवतात, त्या देशात हे कसं? आणि उत्तरही बहुतेकांनी मनाशी ठरवलेलं असतं: युद्धावरून आले, डोक्यावर परिणाम झाला, दारू लागली, रस्त्यावर आले. मला हे उत्तर पटत नाही. दारू आहे, मानसिक आजार आहेत, ते मी नाकारत नाही. पण तेवढंच खरं असतं तर पुढचे आकडे असे दिसले नसते.

दर जानेवारीत एका रात्री देशभर बेघरांची मोजणी होते. 2010 मध्ये त्यात सुमारे 74,000 माजी सैनिक होते. 2024 मध्ये 32,882. म्हणजे निम्म्याहून जास्त घट. त्याच 2024 मध्ये एकूण बेघरांची संख्या 7,71,480 वर गेली होती, तोवरची सर्वांत मोठी. मधल्या काळात इराक आणि अफगाणिस्तानातून हजारो जण शरीरानं आणि मनानं जखमी होऊन परतले. जखमा कमी झाल्या नव्हत्या, तरी बेघर कमी झाले. बदललं ते एवढंच, की सरकारनं त्यांच्या भाड्याची सोय केली.

मुळात लष्करातून बाहेर पडणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. अठराव्या वर्षी मुलगा भरती होतो. राहायला बराक, जेवायला मेस, आजारपणात डॉक्टर, महिन्याला ठरलेला पगार. लग्न झालं तर घरभत्ता. घर शोधणं, डिपॉझिट भरणं, विमा काढणं हे त्याला कधी करावंच लागत नाही. चार वर्षांनी करार संपतो आणि हे सगळं एकाच दिवशी बंद होतं. आपल्या डोळ्यांसमोर फौजी काका म्हटलं की पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड आणि बँकेतली सुरक्षारक्षकाची नोकरी येते. इथं पेन्शनला 20 वर्षांची सेवा लागते आणि बहुतेक जण त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडतात. विमानाचं इंजिन दुरुस्त करणाऱ्याला बाहेर काम मिळतं. पायदळात असलेल्याला कोण, कशाचं देणार? रणांगणावर जखमा शिवलेल्या लष्करी वैद्यकीय मदतनीसालाही इथल्या इस्पितळात नर्स व्हायचं तर शिक्षण आणि परवाना नव्यानं मिळवावा लागतो.

तरीही बाहेर पडल्या पडल्या फारसं कुणी रस्त्यावर येत नाही. मध्ये वर्षं जातात, आणि हेच बाहेरच्याला कळत नाही. सुरुवातीला साठवलेले पैसे असतात, उमेद असते, बायको असते. मग पाठदुखी बळावते, रात्रीची झोप जाते, गोदामातली नोकरी सुटते. घटस्फोट होतो. काही महिने भावाकडच्या सोफ्यावर, मग मित्राकडे, मग गाडीत. गाडी टो करून नेली की तंबू. माणूस रस्त्यावर दिसतो तोवर त्याचे सगळे आधार एकेक करून सुटलेले असतात. आपण फक्त शेवटचा टप्पा पाहतो आणि त्यालाच कारण समजतो.

मी ज्या संस्थेत सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते, तिथं घराचे अर्ज भरून द्यायचं काम असतं. पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले होते. इराकमध्ये मालवाहू ट्रकच्या ताफ्यात होते. झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचा डीडी-214, म्हणजे लष्करातून सुटल्याचा दाखला, चार घड्या घालून ठेवलेला. पिशवीला धूळ होती, कागदाला अजिबात नव्हती. अर्जात विचारलं होतं: मागच्या पाच वर्षांचे पत्ते, प्रत्येक घरमालकाचा फोन नंबर, क्रेडिट स्कोअर, भाड्याच्या तिप्पट उत्पन्नाचा पुरावा. पत्त्याच्या पहिल्या चौकटीत त्यांनी भावाचा पत्ता लिहिला, दुसरीत पेन टेकवून थांबले आणि मला म्हणाले, "मॅम, गाडी उभी करायचो त्या रस्त्याचं नाव लिहिलं तर चालेल का?" सगळ्या तारखा त्यांनी लष्करी पद्धतीनं लिहिल्या होत्या, आधी दिवस, मग महिना, आपण लिहितो तशा. इथल्या अर्जांना आधी महिना लागतो, म्हणून आम्ही दोघांनी बसून तारखा बदलल्या. सगळं नीट भरलं तरी तो अर्ज त्या जागेसाठी मंजूर होणार नव्हता, आणि हे त्यांनाही माहीत होतं. ज्याला घर नाही त्याच्याकडे मागच्या घराचा दाखला मागणारी ही पद्धत मला आजही सहन होत नाही.

त्या डीडी-214 वर सेवा कशी संपली याचीही नोंद असते. 'ऑनरेबल', म्हणजे सन्मानानं, असेल तर पुढचे बहुतेक मार्ग मोकळे. 'अदर दॅन ऑनरेबल' असेल तर माजी सैनिकांना मिळणाऱ्या कित्येक सवलती हातच्या जातात. असा शेरा फक्त गंभीर गुन्ह्यांवरून मिळतो असं नाही. लढाईवरून परतलेला मुलगा झोप येत नाही म्हणून पिऊ लागतो, हजेरी चुकवतो, वरिष्ठाच्या अंगावर ओरडतो. आघाताची ही लक्षणं बेशिस्त म्हणून नोंदली जातात आणि ज्या आजारासाठी उपचार हवेत, तोच आजार उपचारांचा रस्ता बंद करतो. शेरा बदलून घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण वकिलाशिवाय ते अवघड आणि वेळखाऊ. घराचं व्हाउचर, म्हणजे भाड्याचा मोठा हिस्सा सरकारनं भरायची हमी, अलीकडे कायदा बदलून अशा लोकांनाही खुलं झालं, ही त्यातली चांगली गोष्ट.

स्त्रियांबद्दल वेगळं लिहायला हवं, पण निदान इतकं तरी: माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत विचारणा झाल्यावर साधारण तीनपैकी एक स्त्री सेवेत असताना लैंगिक अत्याचार किंवा छळ झाल्याचं सांगते. त्या बेघर झाल्या तर तंबूत कमी दिसतात. मुलांना घेऊन कुणाच्या तरी घरी, कधी पुन्हा मारणाऱ्या माणसाकडेच राहतात, आणि मोजणीत येत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून मला संताप आला होता. सेवेत अपंगत्व आलेल्याला सरकार दरमहा भरपाई देतं. शंभर टक्के अपंगत्व ठरलेल्या एकट्या माणसाला 2024 मध्ये ती सुमारे 3,700 डॉलर होती. पण स्वस्त घरांच्या कित्येक योजनांत ही भरपाई उत्पन्न म्हणून धरली जायची. त्यामुळे सर्वांत जास्त जखमी माणूस गरिबांच्या घरासाठी 'जास्त श्रीमंत' ठरायचा, आणि खुल्या बाजारात तेवढ्या पैशांत डिपॉझिटसकट घर मिळवणं त्याला झेपायचं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्यानं हा नियम सैल केला. त्यासाठी इतकी वर्षं का लागावीत?

ज्यानं खरा फरक पडला ती योजना म्हणजे 'हड-व्हॅश', गृहनिर्माण खातं आणि माजी सैनिक खातं यांनी मिळून 2008 पासून मोठ्या प्रमाणावर राबवलेली. माजी सैनिकानं आपल्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडं भरायचं, बाकीचं व्हाउचरमधून. सोबत एक केस मॅनेजर, जो डॉक्टरांच्या तारखांपासून वीजबिलापर्यंत सगळ्यात लक्ष घालतो. आधी दारू सोड मग घर देतो, अशी अट नाही. आधी घर, मग उपचार. रोज रात्री बूट चोरीला जातील या भीतीनं जागा राहणारा माणूस औषधं वेळेवर कशी घेईल?

अडतं ते घर मिळण्यापाशी. व्हाउचर हातात असतं, पण त्याला मुदत असते आणि घरमालक मिळत नाही. कॅलिफोर्नियात 2020 पासून व्हाउचर आहे म्हणून नकार देणं बेकायदा आहे. मग सरळ नकार न देता फोन उचलत नाहीत, जागा कालच गेली म्हणतात, किंवा क्रेडिट स्कोअर पुढं करतात. आमच्या त्या ट्रकवाल्या गृहस्थांनी व्हाउचर मिळाल्यावर असे कितीतरी फोन केले. अखेर सॅन फर्नांडो व्हॅलीत एक खोली मिळाली, स्वतःच्या लष्करातल्या दिवसांविषयी बोलणारी एक म्हातारी घरमालकीण भेटली म्हणून.

हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुमच्यापैकी अनेकांचे भाऊ, मुलं, मेहुणे इथं राहतात आणि त्यातल्या काहींनी भाड्यानं द्यायला दुसरं घरही घेतलं आहे. त्यांच्याशी फोनवर बोलाल तेव्हा विचारा, व्हाउचर असलेल्या माजी सैनिकाला घर देशील का? भाड्याचा मोठा हिस्सा दर महिन्याला थेट गृहनिर्माण प्राधिकरणाकडून येतो, काही बिनसलं तर बोलायला केस मॅनेजर असतो, आणि सुरुवात करायला शहराच्या हाउसिंग ऑथॉरिटीला एक फोन पुरतो.