पुलीचं माप आधी, माल नंतर

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये काय तयार होतं, हे पाहुण्यांना सांगताना वेळ जातो. गिरणीचा पट्टा असो की कारखान्यातला कन्व्हेयर बेल्ट, त्याची दोन टोकं जोडून तो गोल करावा लागतो. ती टोकं जोडणारे पोलादी फास्टनर आम्ही बनवतो. जुने गिरणीवाले त्याला नुसतं 'ॲलिगेटर' म्हणतात, मग माल कुणाचाही असो. ॲलिगेटर हा खरं तर फ्लेक्सिबल स्टील लेसिंग या शिकागोत सुरू झालेल्या कंपनीचा ब्रँड. ती कंपनी १९०७ सालची. दाते असलेली पोलादी पट्टी हातोडीनं पट्ट्याच्या टोकात ठोकायची, दोन्ही टोकांचे कान एकमेकांत गुंतवायचे आणि मधून पिन सरकवायची, ही रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

आमचे वडील मूळचे फिटर. सांगली जिल्ह्यात यंत्राचं वेड जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून नांगर, कडबा कापायची यंत्रं, पंप गावोगाव गेले. पुढं इंजिनं आली, मोटारी आल्या, आणि जिथं इंजिन तिथं पट्टा आलाच. गुऱ्हाळाचा चरक पट्ट्यावर, पिठाची गिरणी पट्ट्यावर, मळणी यंत्र पट्ट्यावर, हळद पॉलिश करायचा ड्रमही पट्ट्यावर. पट्टा तुटला की वडिलांना बोलावणं यायचं. त्याआधीच्या पिढीत लोक चामड्याच्या वादीनं पट्टा शिवून घेत. शिवण दिसायला सुबक, पण ताण वाढला की भोकं फाटत जायची. वडिलांच्या पिशवीत वादीही असायची आणि फास्टनरची डबीही.

ऐन हंगामात पेठेत फास्टनर मिळायचे नाहीत. गुऱ्हाळ पेटलेलं, काहिलीत रस, बाहेर उसाच्या गाड्या, आणि अडलंय कशासाठी तर मुठीत मावणाऱ्या लोखंडाच्या तुकड्यासाठी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका डायमेकरकडून वडिलांनी पहिली डाय, म्हणजे पत्रा कापून-वळवून आकार देणारा साचा, करून घेतली, ती ऐंशीच्या दशकात. सुरुवात घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, हातानं फिरवायच्या प्रेसवर. आई आणि मोठी आत्या डबे भरायच्या. पॉवर प्रेस नंतर आला, कुपवाडचा गाळा त्याहून नंतर.

त्या डायमेकरनं पहिल्याच बैठकीत जे सांगितलं त्यावर आजही आमचा माल उभा आहे. पोलादाची पट्टी रोलिंग मिलमधून लाटून निघते, त्यामुळं तिला लाकडासारखी एक दिशा असते. त्या दिशेला समांतर बाक दिला की बाकावर बारीक चिरा पडतात, आडवा दिला तर पडत नाहीत. फास्टनरचा कान म्हणजे बाकच. म्हणून डायचा लेआउट असा आखायचा की प्रत्येक कान लाटण्याच्या दिशेला आडवा वळेल. यात स्क्रॅप जास्त निघतं. खर्च कमी करायला बरेच जण तुकडा फिरवून लावतात. दुकानात दोन्ही माल सारखेच चकचकीत दिसतात, फरक पट्टा चालायला लागल्यावर कळतो.

चकाकीवरून एक गोष्ट सांगतो, कारण ती गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. बारीक तारेचे हुक असतात ना, पातळ पट्ट्यासाठी, ते कडक तारेचे करतात. त्यांना झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा, करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि तार आतून ठिसूळ होते. वरून काहीच दिसत नाही. प्लेटिंग झाल्या झाल्या माल १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवला तर तो हायड्रोजन निघून जातो. हे काही तास वाचवण्याचा मोह प्लेटिंगवाल्याला फार असतो. आम्ही हुकांचं प्लेटिंग बाहेर देतो, पण भट्टी आमची, आणि माल परत आला की चहाआधी भट्टीत जातो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी धंद्यात उतरलो तेव्हा विक्री म्हणजे फास्टनरच्या आकाराचा नंबर सांगून डब्यांची विक्री होती. दुकानदार विचारायचा, "पंचवीस नंबर आहे का? काय भाव?" आम्ही भाव सांगायचो. वडिलांना ही पद्धत पटत नसे. ते स्वतः विकायला बसले की आधी विचारायचे, "सगळ्यात लहान पुली केवढी आहे?" दुकानदार वैतागायचे. मला तेव्हा वाटायचं, बाबा गिऱ्हाईक घालवतात. थोडी गिऱ्हाइकं गेलीही.

पण हिशेब करून बघा. मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्यांच्या मोटारीवर सहा इंची पुली असली, तर पट्टा सेकंदाला साधारण ११ मीटर पळतो. पट्टा ६ मीटरचा धरला, तर जोड सेकंदाला जवळपास दोनदा फिरून येतो, आणि पुल्या दोन, म्हणजे तो सेकंदाला जवळपास चार वेळा वाकतो. तासाला साडेतेरा हजार वेळा. आठ तासांच्या पाळीत लाखाच्या वर. पट्टा कापडाचा आणि रबराचा, तो वाकतो. फास्टनरची पोलादी पट्टी वाकत नाही, ती पुलीवर ताठ उभी राहते आणि तिच्या कडेला पट्ट्याचा मुरगळा होतो. पुली जितकी लहान तितका मुरगळा तीव्र. मग जोड 'तुटतो' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा फास्टनर शाबूतच असतो, त्याच्या कडेला पट्टा कापला गेलेला असतो. लोक पुढच्या वेळी आणखी जाड, आणखी मजबूत फास्टनर मागतात. जाड फास्टनरची पट्टी लांब, म्हणजे मुरगळा आणखी वाईट. औषधानंच आजार वाढतो.

म्हणून आमच्याकडं पुलीचं माप विचारल्याशिवाय माल निघत नाही. त्यानंतर पट्ट्याची जाडी, आणि मग ताण. याच क्रमानं. दुकानदारांनाही आम्ही तेच सांगतो. काही जण आता स्वतःच विचारतात, काही अजून नंबरावर विकतात. सगळ्यांना बदलायला आम्ही कोण?

दुसरी भानगड पट्टा कापण्याची. पट्टा काटकोनात कापला नसेल तर एका कडेला ताण जास्त, दुसरीकडं ढिला. पट्टा सापासारखा चालतो, एका बाजूला सरकतो, शेवटी जोड कडेपासून उघडत जातो. काटकोन मापायचा गुण्या लावतात, पण लावतात पट्ट्याच्या कडेला. वापरलेल्या पट्ट्याची कड घासलेली, खाल्लेली असते. ती सरळ नसतेच. आधी पट्ट्याची मध्यरेषा काढायची: थोड्या थोड्या अंतरावर रुंदीचा मध्य खुणावायचा आणि दोरीनं रेघ मारायची. मग त्या रेघेवर एक खिळा, त्याला दोरी, आणि खडूनं पट्ट्याच्या दोन्ही कडांकडं कमान ओढायची. तीच दोरी पुढच्या बाजूला दुसऱ्या खिळ्याला बांधून उलट कमान. कमानी जिथं छेदतात ते दोन बिंदू जोडले की काटकोन तयार. सातवी-आठवीच्या भूमितीत शिकवतात ते हेच. गिरणीवाल्याला एकदा समोर करून दाखवलं की तो पुन्हा कधी गुण्या मागत नाही. आम्ही हे डब्यातल्या कागदावर चित्रांसह मराठीत छापतो. मोठ्या कंपन्यांच्या कागदावर दहा भाषा असतात, मराठी मला तरी दिसली नाही.

गुऱ्हाळं कमी होत गेली, गिरण्यांनी व्ही-बेल्ट घेतले, बऱ्याच यंत्रांना मोटार सरळ कपलिंगनं जोडली गेली. आमचा धंदा नुसता सपाट पट्ट्यावर राहिला असता तर आज हे लिहायला मी नसतो. आम्हाला साखर कारखान्यांनी तारलं. सांगली-सातारा पट्ट्यात ऊस म्हणजे काय ते सांगायला नको. गाळप सुरू झालं की बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या चोयट्यांचा, बेल्ट रात्रंदिवस चालतो, आणि तो फाटला की बॉयलरचं इंधन अडतं. व्हल्कनाइझ केलेला, म्हणजे उष्णता आणि दाबानं रबर एकजीव केलेला, जोड आमच्या जोडापेक्षा बळकट असतो, यात वाद नाही. पण त्याला प्रेस लागते, वेळ लागतो, पट्ट्याची जादा लांबी लागते. हंगामात एवढं कुणाकडं असतं? बोल्टचे प्लेट फास्टनर तासाभरात बसतात. हंगाम संपला की व्हल्कनाइझिंग करा, आम्हीच सांगतो.

या कामात बारकावे पुष्कळ. वरच्या रबराचा थर टोकाला थोडा तासून प्लेट खाली बसवायची, नाहीतर पट्टा खरवडून साफ करणारा स्क्रेपर तिला अडकतो. मागच्या टोकाचे दोन्ही कोपरे तिरपे छाटायचे, म्हणजे माल खाली सोडणाऱ्या च्यूटच्या पत्र्यात अडकून फाटत नाहीत. सगळे नट सारखे आवळायचे आणि थोडा वेळ चालवून पुन्हा एकदा आवळायचे. हे शेवटचं कुणी करत नाही. रात्रपाळीचा फिटर म्हणतो, "चाललंय की साहेब." चालतंय, पहाटेपर्यंत.

उधारीचं बोलायचं नसतं, पण वाटचाल लिहायची आणि ते टाळायचं हे खोटं होईल. माल हंगामात जातो, पैसे हंगामानंतर, कधी पुढच्या हंगामाच्या तोंडावर. कायद्यानं आमच्यासारख्या लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, हे २००६ पासून आहे. एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी त्याचा उल्लेख केला तर तिथले साहेब हसले आणि चहा मागवला. आयकर कायद्यात मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येणार नाही, असं झाल्यापासून मार्चअखेर फोन उचलले जातात. एवढा फरक पडला. पत्र्याची कॉइल घेताना मात्र आम्ही रोखीतच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. आमचा गाळा उंचावर असल्यानं कोरडा राहिला. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या गावांतून गिरणीवाले चिखलानं माखलेले पट्टे घेऊन आले. कापडी पट्ट्यांचे थर सुटलेले, फास्टनर गंजून एकमेकांत धरलेले. बहुतेकांना आम्ही नवा पट्टाच घ्या म्हणून सांगितलं. जोड घालून देणं सोपं होतं, पण थर सुटलेल्या पट्ट्यावर आमचा जोड महिनाभरही टिकला नसता. त्या आठवड्यात विक्री कमी आणि काम जास्त झालं. काहींना जुना पण चांगला पट्टा कापून दिला, पिना फुकट दिल्या. त्यातले बरेच अजून आमच्याकडंच येतात.

सध्या डोकं खाल्लंय ते बेदाण्यानं. तासगाव भागात बेदाणा धुणं, निवडणं, प्रतवारी, सगळं आता पांढऱ्या पातळ बेल्टवर चालतं. तिथं पुल्या एवढ्याशा, आणि बेल्ट रोज धुतात, म्हणून आम्ही स्टेनलेसच्या बारीक हुकांची डाय केली. माल चांगला जातोय. पण ज्यांच्या लाइनवर मेटल डिटेक्टर आहे त्यांना आम्ही विकत नाही. स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही म्हणून चालेल, असं बरेच जण धरून चालतात. डिटेक्टर चुंबक नसतो. तो कुठलाही धातू ओळखतो, आणि जोड डिटेक्टरखालून गेला की दर फेरीला लाइन थांबते. त्यांनी त्या भागापुरता बिनजोडाचा बेल्ट घ्यावा. माझ्या मुलाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, प्लास्टिकचा जोड आपणच का करू नये? इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन पाहायला तो मागच्या महिन्यात पुण्याला जाऊन आला. मशीनचा भाव ऐकून मी गप्प बसलो. तो अजून बोलतोय.

कुणाला जोडाची अडचण असेल तर कुपवाडला या. पट्ट्याचा वीतभर तुकडा आणि सगळ्यात लहान पुलीचं माप घेऊन या, फोटो असला तरी चालेल. हंगामात गाळा रविवारीही उघडा असतो.