चार बाय पाचच्या कॅमेऱ्यासाठी हलका ट्रायपॉड : माझा अनुभव

पुण्याच्या आसपासच्या गडांवर चालत जाऊन ४ × ५ इंची शीट फिल्मवर छायाचित्रे काढायची असे ठरवले, तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा ट्रायपॉडचाच प्रश्न अवघड निघाला. माझा कॅमेरा जपानी बनावटीचा, चेरीच्या लाकडाचा आणि घडीचा आहे. १५० मिलिमीटरची लेन्स आणि भरलेला फिल्म होल्डर (शीट फिल्म ठेवायची चपटी पेटी) लावल्यावर तो घरच्या काट्यावर दोन किलोंच्या जरासा वर जातो. त्याच्याखालचा ॲल्युमिनियमचा जुना ट्रायपॉड मात्र तीन दांड्यांच्या हेडसह (हेड म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो आणि झुकवता येतो तो वरचा भाग) साडेतीन किलोंचा होता. होल्डर, काळे कापड, लाइट मीटर, पाणी आणि डबा पाठीवर घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढणे त्यासह जमून जाई. परंतु गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेने राजगड चढताना, विशेषतः शेवटच्या कातळात जिथे दोन्ही हात मोकळे लागतात तिथे, ते ओझे सोसवेना. हेडसकट सगळे मिळून दोन किलोंच्या आसपास बसले पाहिजे आणि चित्राच्या स्पष्टतेला मात्र धक्का लागता कामा नये, एवढीच अट घालून मी शोध सुरू केला.

बाजारात हलका म्हणून जो ट्रायपॉड मिळतो तो बहुधा डिजिटल कॅमेऱ्याचा विचार करून बनवलेला असतो, आणि लार्ज फॉरमॅटची, म्हणजे अशा मोठ्या शीट फिल्मच्या कॅमेऱ्याची, गरज त्याहून वेगळी आहे. येथे एसएलआर कॅमेऱ्यासारखा आत आरसा उडत नाही, आणि लेन्सच्या आतच बसवलेल्या पात्यांच्या शटरचा धक्का नगण्य असतो. त्रास होतो तो आपल्याच हातांचा. काळ्या कापडाखाली डोके घालून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवरची उलटी प्रतिमा भिंगातून स्पष्ट करायची, लेन्सचे छिद्र बारीक करायचे, शटर मिटून त्याचा चाप चढवायचा, मागची स्प्रिंगची चौकट ओढून तिच्यात होल्डर सरकवायचा, होल्डरमधली फिल्म झाकणारी डार्क स्लाइड उपसायची आणि मगच केबल दाबायची. म्हणजे प्रतिमा निश्चित केल्यानंतरही कॅमेऱ्याला पाच-सहा वेळा हात लागतो. त्यात बेलोज, म्हणजे लेन्स आणि मागची चौकट जोडणारा घड्यांचा भाता, शिडासारखा वारा धरतो. एक्स्पोजरचा हिशेबही सोयीचा नाही. पावसाळी ढगाळ उजेडात १२५ आयएसओच्या एफपी४ फिल्मला एफ/८ वर सेकंदाचा साधारण १२५वा भाग पुरतो असे धरले, तर छिद्र एफ/३२ इतके बारीक केल्यावर तो सेकंदाचा आठवा भाग होतो, आणि आकाश गडद करण्यासाठी दोन स्टॉपचा, म्हणजे उजेड एक-चतुर्थांश करणारा, नारिंगी फिल्टर लावला की थेट अर्धा सेकंद. नेमका हाच टप्पा सर्वांत वाईट असतो, कारण दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीची थरथर विरून जाते, पण अर्ध्या सेकंदात तीच सगळा वेळ व्यापते.

सुरुवात कॅम्पातल्या एका दुकानापासून केली. कॅमेरा बरोबर नेला होता, त्यामुळे दुकानदारांनी कौतुकाने बसवून घेतले, चहाही आला. त्यांनी एक सव्वा किलोचा, पाच भागांत मिटणारा कार्बन फायबरचा ट्रायपॉड काढला आणि म्हणाले, “सर, पंधरा किलोचं रेटिंग आहे. तुमचा कॅमेरा दोन किलोचा. काही काळजीच नाही.” मी म्हटले, “वजन तो पेलेल हो, पण पिळला जाईल का ते बघायचंय.” त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवून म्हटले, “मग लावून बघा ना.” कॅमेरा चढवून मी लेन्सची चौकट दोन बोटांनी हलकेच डावी-उजवीकडे ढकलली, तर पाय जमिनीला घट्ट टेकलेले असूनही वरचा सगळा भाग स्पष्टपणे वळत होता. पेलण्याची क्षमता म्हणून छापलेला आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काहीच निष्पन्न होत नाही. ट्रायपॉड ओझ्याखाली मोडत नसतो. तो वळतो आणि थरथरतो, आणि त्याबद्दल खोक्यावर अवाक्षर नसते.

तेव्हा मोजण्याची पद्धत स्वतःच ठरवावी लागली. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा लेझर पॉइंटर मी कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीवर रबरबँडने बांधला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री दहा मीटरवरच्या भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला. गणित सोपे आहे : १५० मिलिमीटरच्या लेन्सने फिल्मवर ०.०५ मिलिमीटर सरकणे म्हणजे दहा मीटरवर ठिपका ३.३ मिलिमीटर सरकणे. एवढी पुसटता १६ × २० इंचांच्या प्रिंटवर चौपट होऊन ०.२ मिलिमीटर होते, आणि प्रिंट हातात धरून पाहणाऱ्याला ती जाणवू लागते. म्हणून आलेखाचे तीन चौकोन ही मी मर्यादा धरली. ठिपका होल्डर घालण्याआधी एका जागी आणि नंतर किंचित दुसऱ्या जागी असला, तर चित्राची चौकट केसभर बदलेल, त्याने बिघडत नाही. पाहायचे ते एवढेच की डार्क स्लाइड उपसल्यावर ठिपका किती लांब रेघ काढतो आणि ती आखडून पुन्हा ठिपका व्हायला किती वेळ लागतो. लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या एका मित्राकडून आणि ट्रेकिंगच्या ग्रुपमधल्या दोघांकडून मागून आणलेले ट्रायपॉड एकेक करून तपासले. हेड वर-खाली करायचा मधला खांब पूर्ण वर काढलेल्या एका हलक्या ट्रायपॉडवर रेघ अंगठ्याच्या रुंदीएवढी झाली आणि स्थिरावता स्थिरावेना. तोच खांब पूर्ण खाली घेतल्यावर ती निम्म्याहून कमी झाली. वाऱ्यासाठी घरचा उभा पंखा आणून बेलोजच्या बाजूने लावला, तेव्हा वॉचमनकाकांनी “साहेब, कॅमेऱ्याला गरम होतंय का?” असे विचारले.

या चाचण्यांतून निवडीचे सूत्र हाती लागले ते नळ्यांच्या जाडीचे. भिंतीची जाडी तेवढीच ठेवून पोकळ नळीचा व्यास वाढवला, तर तिचा ताठपणा ढोबळमानाने व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २८ मिलिमीटरच्या नळीच्या तुलनेत २२ मिलिमीटरची नळी निम्मीच ताठ, आणि १९ मिलिमीटरची एक-तृतीयांशाच्या आसपास. पाय जितक्या अधिक भागांत मिटतो तितका सर्वांत खालचा भाग बारीक होत जातो, आणि ट्रायपॉड किती ताठ राहील हे ठरते ते त्या सर्वांत बारीक भागावर. २८ मिलिमीटरपासून सुरू होणाऱ्या चार भागांच्या पायाला शेवटी साधारण १९ची काडी येते. तोच पाय तीन भागांचा असेल तर ती २२वर थांबते. मिटल्यावर चार भागांचा ट्रायपॉड आखूड होतो आणि पीएमपीच्या बसमध्ये मांडीवर मावतो, हे खरे. तीन भागांचा साठ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि सॅकच्या कडेला बांधला की करवंदीच्या जाळीत अडकतो. तरीही मी तीन भागांच्या बाजूने कौल दिला.

इतर पर्यायांचा विचार केला नाही असे नाही. जर्मनीतील बर्लेबाख ही कंपनी ॲश लाकडाचे ट्रायपॉड बनवते आणि लाकूड थरथर फार चांगली शोषून घेते. पण माझ्या मोजमापाचे त्यांचे ट्रायपॉड अडीच-तीन किलोंच्या घरात जातात, तेव्हा ओझे फारसे उतरत नाही. जित्झोने १९९४ साली छायाचित्रणासाठी कार्बन फायबरचे ट्रायपॉड आणले, आणि त्यांची दोन व तीन क्रमांकाची मालिका या कामाला उत्तम आहे यात शंका नाही. परंतु किंमत ऐकून मी विषय बदलला. एका परिचित सिव्हिल इंजिनिअरांनी सर्व्हेचा लाकडी ट्रायपॉड सुचवला. त्याचा बोल्ट पाच सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असतो आणि कॅमेऱ्याचा दोन किंवा तीन सुती, हा अडथळा एक वेळ दूर करता आला असता, पण पाच-सहा किलोंचे ते धूड गडावर नेणार कोण? शेवटी चिनी बनावटीचा, २८ मिलिमीटरच्या वरच्या नळीचा आणि तीन भागांचा कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेतला, आणि घेतल्याबरोबर त्याचा मधला खांब काढून टाकला.

खांब काढल्यावर माथ्यावर गोल भोक उरते आणि हेड बसवायला तिथे काहीतरी हवे असते. काही कंपन्या त्यासाठी चकती देतात. माझ्या ट्रायपॉडला ती नव्हती. नाना पेठेतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे माथा घेऊन गेलो. त्यांनी भोकात अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, नुसती सपाट चकती दिली तर फिरेल. खाली पायरी काढतो, म्हणजे भोकात गच्च बसेल. आटे कुठले पाहिजेत?” मी तीन सूत म्हणताच त्यांनी अधिक काही विचारले नाही. ॲल्युमिनियमच्या गोळ्यातून त्यांनी चकती उतरवली, पायरीचा व्यास व्हर्नियरने मोजत एकेक हलका कट घेतला, आणि ती माथ्यात बसवली तेव्हा हवा दाबली जाऊन बारीकसा आवाज आला. खालून मोठा वॉशर आणि नट लावून ती आवळली. त्यामुळे खांबाचे पाव किलोहून अधिक वजन गेले आणि लेझरची रेघ, पंखा चालू असतानाही, तीन चौकोनांच्या आत आली. माझ्या मते लार्ज फॉरमॅटला मधल्या खांबाचा काहीही उपयोग नाही.

हेडच्या बाबतीत मी बराच काळ घालवला. बॉल हेड हलके असते, पण ते सैल केले की कॅमेरा एकदम चारही दिशांना मोकळा होतो. क्षितिज सरळ करावे तर पुढचा झोक बिघडतो, झोक धरावा तर क्षितिज कलते, आणि हे सगळे उलट्या प्रतिमेकडे पाहत करायचे असते. तीन दांड्यांचे हेड या कामाला योग्य, पण त्याचे एकट्याचे वजन किलोच्या आसपास जाते आणि दांड्या छातीत टोचतात ते वेगळेच. मी मोनोपॉडसाठी, म्हणजे एकपायी स्टँडसाठी, मिळणारे, फक्त पुढे-मागे झुकणारे, अर्ध्या किलोच्या आतले हेड घेतले. डावी-उजवी पातळी पायांची उंची कमी-जास्त करून साधायची आणि बारीकसारीक फरक कॅमेऱ्याच्या स्वतःच्या हालचालींनी (त्याच्या चौकटी सरकवून-झुकवून) भरून काढायचा. त्याला सराव लागतो, पण लार्ज फॉरमॅटमध्ये घाई अशीही नसते. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो : कॅमेऱ्याच्या तळाला लावायच्या प्लेटवर रबर किंवा बुचाचा मऊ थर असेल, तर पाय कितीही ताठ असले तरी कॅमेरा त्या थरावरच वळतो. मी तो थर खरवडून काढला आणि मागे कड असलेली लांब प्लेट वापरली. हा बदल खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फरक पाडून गेला.

उंचीबद्दल लोक उगाच आग्रही असतात. माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. पाय १३५ सेंटिमीटरपर्यंत उघडले, त्यावर हेड आणि कॅमेऱ्याच्या तळापासून काचेच्या मध्यापर्यंतचे अंतर मिळवले, की काच बरोबर डोळ्यांसमोर येते. त्याहून उंच ट्रायपॉड घेणे म्हणजे कधीच न उघडायचा पाय वाहून नेणे. उतारावर मात्र थोडी जास्तीची लांबी लागते, कारण दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे ठेवावा लागतो. दरीकडे तोंड करून छायाचित्र काढताना तो चढाकडचा पाय नेमका आपल्या दोन पायांच्या मध्ये येतो, आणि काळ्या कापडाखाली असताना गुडघा त्यालाच लागतो. त्यावर उपाय एकच, बाजूला उभे राहून वाकायचे.

पार्किंगमधले निष्कर्ष उघड्यावर टिकतात का, हे आधी वेताळ टेकडीवर खाणीच्या काठाशी जूनच्या वाऱ्यात पाहिले आणि मग राजगडावर सुवेळा माचीच्या अंगाला. ट्रायपॉडच्या माथ्याखालच्या आकड्याला (हुकाला) सॅक लटकवावी असे सगळे सांगतात. पण लटकलेली सॅक वाऱ्याने झुलते आणि उलट तीच ट्रायपॉडला हलवते. मी सॅक जमिनीवर टेकलेली ठेवतो आणि आकड्यापर्यंतचा पट्टा तेवढा ताणून बांधतो. होल्डर घालताना एका हाताने मागची चौकट ओढून धरायची आणि दुसऱ्या हाताने होल्डर सरळ सरकवायचा, कॅमेऱ्यावर जोर द्यायचा नाही. काळे कापड डार्क स्लाइड उपसण्याआधीच काढून घ्यायचे, कारण तेही वारा धरते. मग बेलोजच्या वाऱ्याकडच्या बाजूला छत्री धरायची आणि गवताचे तुरे थांबेपर्यंत केबल हातात धरून उभे राहायचे. कातळावर रबरी टोके चांगली पकड घेतात. ओल्या मातीत मात्र ती हळूहळू रुततात, तेथे खिळ्यांची टोके बसवून पाय दाबून घ्यावे लागतात.

पावसाळ्यात फिरवून आवळायच्या लॉकमध्ये चिखलाचा बारीक गाळ शिरतो आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर आवळताना करकर ऐकू येऊ लागते. घरी आल्यावर पाय पूर्ण सुटे करून नळ्या ओल्या फडक्याने पुसायच्या, आतले प्लॅस्टिकचे तुकडे धुऊन सावलीत वाळवायचे आणि आट्यांना नावापुरते ग्रीस लावायचे, एवढे केले की ते पुन्हा सुरळीत चालतात. ३०० मिलिमीटरच्या लेन्ससाठी मात्र हा ट्रायपॉड मी वापरत नाही. त्या लेन्सला बेलोज दुप्पट ताणावा लागतो आणि तेवढ्याच थरथरीने फिल्मवर दुप्पट पुसटता येते. त्यामुळे ती न्यायची असेल तेव्हा जुना साडेतीन किलोंचा ट्रायपॉड गाडीत टाकतो आणि रस्त्यापासून फार दूर जात नाही.