जिप्सीच्या टपाचे हरवलेले बोल्ट: माझा अनुभव

जुनी जिप्सी घेतली तेव्हा तिचा फायबरचा टप पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला होता. बोल्ट नव्हते. "कुठल्यातरी डब्यात आहेत, सापडले की पाठवतो," असं आधीचे मालक म्हणाले, आणि ते आश्वासन अजूनही कायम आहे. मे संपत आलेला. पुण्यात जूनमध्ये उघडी जिप्सी ठेवायची म्हणजे सीटवर शेवाळ धरायला सोडायची, त्यामुळे हा विषय पुढे ढकलण्यासारखा नव्हता.

मारुतीने जिप्सी २०१९ मध्ये बंद केली. इंजिनाचे भाग अजून मिळतात, पण टपाचे बोल्ट असल्या किरकोळ मालाचा साठा कोण कशाला करेल? काउंटरवरून "नाही" ऐकून गॅरेजात गेलो. तिथल्या तेलकट डब्यात जगातले सगळे बोल्ट असतात, हवा तेवढा सोडून. मेकॅनिकने एक उचलला, भोकात घातला. दोन फेरे गेले आणि अडकला.

"बसेल साहेब, जरा पाना लावतो."

मी त्याचा हात धरला. नशीब धरला, कारण तो बोल्ट अडीच सुती होता, बहुधा एखाद्या जुन्या महिंद्रा जीपचा. अडीच सूत म्हणजे पाच सोळांश इंच, ७.९४ मिमी. जिप्सीच्या बॉडीतला नट एम-८, म्हणजे ८ मिमी. हा फरक डोळ्याला दिसणं शक्यच नाही. घोळ आट्यांमध्ये आहे. अडीच सुतीच्या जाड आट्याला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.४१ मिमी, एम-८ चं १.२५. पहिले दोन फेरे हा फरक खपून जातो, मग बोल्ट रुसतो, आणि तिथे पाना लावला की नटाचे आटे गेलेच. बोल्ट काय, दुसरा आणता येतो. तो नट मात्र आतून वेल्ड केलेला, बंद पोकळीत. त्याला हात कुठून घालणार?

नमुन्याला एकही बोल्ट नसताना माप कसं कळलं? त्याच गाडीला विचारलं. बॉनेटखालचा बारा नंबरी डोक्याचा, म्हणजे बारा मिमीचा पाना लागणारा, एक बोल्ट काढून टपाच्या भोकात नुसत्या बोटांनी फिरवला. सरळ आत गेला. काचेच्या फ्रेमवरच्या भोकांना दहा नंबरी डोक्याचा, म्हणजे एम-६ लागला. बोटांनी जातो तोच आपला, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

डोक्याच्या नंबरावर मात्र भरवसा ठेवू नये. सुझुकीचं वळण जपानी: एम-८ ला बाराचा पाना, एम-१० ला चौदाचा. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या एम-८ ला तेराचा लागतो आणि एम-१० ला सतराचा. एम-८ मध्ये आटे तरी जुळतात; एम-१० मध्ये जपानी गाडीला सहसा १.२५ चे आटे आणि दुकानात १.५ चे, तिथे पुन्हा तोच घोटाळा. (सगळी गाडी मेट्रिक असली तरी सीट बेल्टचे बोल्ट इंचातले, साडेतीन सुती बारीक आट्यांचे असतात. बहुतेक सगळ्या कंपन्यांचं तसंच. ते कधीही अंदाजाने बदलू नका.)

बोहरी आळीत, पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, एम-८ चे हवे तेवढे बोल्ट मिळाले असते, पण तेराच्या डोक्याचे, आणि मला एम-८ चे सगळे बोल्ट गाडीतल्या एकाच पान्यात बसायला हवे होते. उत्तर निघालं नाना पेठेत, मोटरसायकलच्या स्पेअरच्या दुकानात. आपल्याकडच्या होंडा घराण्यातल्या बाइकना एम-८ चे फ्लँज बोल्ट (डोक्याखालीच वायसरसारखी कड असलेले) बाराच्या डोक्याचे असतात, पिवळसर झिंकचे. दुकानदाराने लांबी विचारली. ती मी सायकलच्या स्पोकने मोजून नेली होती: टोकाला आकडा वाकवायचा, टपाच्या आणि बॉडीच्या भोकातून आत घालायचा, नटाच्या मागे अडकवायचा, वरच्या कडेशी नखाने खूण. रबराची पट्टी दबल्यावर काय उरेल ते धरून २५ मिमी पुरे झाला. लांब बोल्टने मागच्या पत्र्याला टेकून घट्ट झाल्याचं नाटक केलं असतं आणि टप ढिलाच राहिला असता.

"स्टीलचे घ्या की, चकाचक दिसतील," असं दुकानदार म्हणाला. नको म्हटलं. स्टेनलेस बोल्ट आणि साधा लोखंडी नट पावसात एकत्र राहिले की गंज नटाच्या वाट्याला येतो, आणि मला जपायचा होता तो नटच.

घरी आधी नट साफ केले. एम-८, १.२५ चा टॅप (नटात आटे पाडायचं हत्यार), थोडं तेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. गंज आणि जुना रंग मिळून काळा चिखल बाहेर आला. मागचा एक नट मात्र वेल्ड सुटून बोल्टाबरोबर गरगर फिरायला लागला. तो काढला, भोक ११ मिमीचं केलं आणि बॉडीवाल्याकडून तिथे रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखा बाहेरूनच पत्र्यात बसणारा नट, बसवून घेतला.

टप चढवायला चार माणसं हवीत. शेजारचे काका पाठदुखी विसरून आले. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन फेरे. एकही आधी आवळायचा नाही, नाहीतर शेवटचं भोक समोर येतच नाही. मग एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा, थोडा थोडा. फायबरवर जोर केला तर भोकाभोवती तडे जातात, म्हणून प्रत्येकाखाली मोठा वायसर आणि त्याखाली जुन्या ट्यूबमधून कापलेली चकती घातली. रबर दबायला लागलं की थांबायचं. ताम्हिणी घाटातून एक चक्कर मारून आल्यावर जवळजवळ सगळे पुन्हा पाव फेरा आवळले गेले.

नळीने पाणी मारून पाहिलं. बोल्टांपाशी कोरडं. काचेच्या डाव्या कोपऱ्यातून अजून पाणी येतं, पण तो रबराच्या पट्टीचा दोष आहे आणि ती मीटरवर मिळते. जादा घेतलेले दोन बोल्ट ग्लोव्ह बॉक्समध्ये आहेत, चिठ्ठीसकट: एम-८, १.२५, लांबी २५, पाना बाराचा.