तुम्ही विचारलंत म्हणून: गाण्याच्या क्लासात होडी कशाला?

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या क्लासात मुलांना सोडायला आलेले आईबाबा दाराशी जरा रेंगाळतात आणि हमखास विचारतात, "ताई, सूर शिकवायचे सोडून होडी, लिफ्ट असलं काय सांगत असता?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितेय.

तबल्यावर बोट चुकलं तर गुरुजी ते उचलून नीट ठेवतात. गळ्याचं तसं नाही. आत काय चाललंय ते मला दिसत नाही, गाणाऱ्यालाही नाही. 'जबडा सैल सोड' म्हटलं की तो हटकून आवळतो. मग आडवाटेनंच जावं लागतं.

दरबारी रागातला गंधार, म्हणजे ग, घ्या. नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला, ऋषभाच्या (रे) आधाराने संथ डोलणारा; या डोलण्यालाच आंदोलन म्हणतात. बँकेतून थेट क्लासला येणाऱ्या एका बाईंना मी महिनाभर सांगत होते, "आंदोलन द्या, आंदोलन." त्या गंधार नुसता थरथरवायच्या, थंडी वाजल्यासारखा. शेवटी विचारलं, "तलावपाळीला, आपल्या ठाण्याच्या तळ्यावर, होडीत बसलाय कधी?"

"हो, लेकाला घेऊन."

"तो चढला तेव्हा होडी कशी हलली?"

त्यांनी न बोलता हात आडवा धरून दाखवला. जड होऊन कलला, सावकाश वर आला, पुन्हा कलला. म्हटलं, आता हाताबरोबर गा. त्या दिवशी त्यांच्या गंधाराला पहिल्यांदा वजन आलं. दोन आठवड्यांनी मात्र मी तो हात खाली घ्यायला लावला. नाहीतर होडीच डोलत राहते आणि सूर तंबोऱ्यापासून सुटतो. असं हातवाऱ्यांचं गाणं मी बरंच ऐकलंय, मला ते सोसत नाही.

माझी फजितीही झालीय. मारवा रागात ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य, आणि षड्ज, म्हणजे सगळ्या सुरांचं घर असलेला सा, सारखा टाळायचा: ध नि रे, नि रे ग. अकरा वर्षांच्या मुलीला मी माझ्या गुरूंकडून आलेलं चित्र दिलं, "सूर्य मावळतोय, जिवाला हुरहूर लागलीय."

"ताई, तेव्हा माझं बॅडमिंटन असतं."

खरंच की! हुरहूर माझी, तिच्याकडे कुठून येणार? मग विचारलं, घर समोर दिसतंय पण पोचता येत नाही, असं कधी झालंय का?

"आमची लिफ्ट सहा आणि सातच्या मध्ये अडकलेली. फटीतून आमचं दार दिसत होतं."

"गा बघू."

निषादावरून (नि) षड्जाला वळसा घालून ती ऋषभावर गेली आणि तिथेच थांबली. इतका वेळ, की माझाच जीव घुसमटला.

हे ऐकून तिची आई काळजीत. "गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षेत ही लिफ्ट लिहून यायची नाही ना हो?" नाही. तिथे वादी (रागातला मुख्य सूर) ऋषभ, संवादी (त्याखालोखालचा) धैवत, सगळं पाठ करून घेतलंय.