दोनपैकी एका दंडात

मी गेली अकरा वर्षं घरी बसून भाषांतराची कामं करते, त्यातली निम्मी तरी क्लिनिकल ट्रायलची संमतीपत्रं. नवीन औषधाची चाचणी असली की रुग्णाला आधी वीस-तीस पानांचा कागद देतात, काय होणार, किती वेळा रक्त घेणार, काय त्रास होऊ शकतो वगैरे, आणि तो त्याला कळेल अशाच भाषेत असावा लागतो, औषध चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांतही तसं आहे. मराठी तयार झालं की दुसराच एक भाषांतरकार, ज्याने मूळ इंग्रजी बघितलेलं नसतं, ते परत इंग्रजीत करतो. बॅक ट्रान्सलेशन म्हणतात त्याला. चोर पकडायचा सापळाच तो, आणि त्या दिवशी चोर मीच निघाले.

गुरुवार, दुपारचे चार. पीएमचा फोन (प्रोजेक्ट मॅनेजर हो, पंतप्रधान नाही, आमच्याकडे हा विनोद अजून होतो). म्हणाला, "ताई, जरा विचित्र विचारतोय, पण आपण पेशंटना शिक्षा का करतोय?"

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने बॅक ट्रान्सलेशन पाठवलं. त्यात सरळ लिहिलं होतं की सहभागींना चिठ्ठी टाकल्यासारखं दोनपैकी एका 'पेनल्टी'मध्ये ठेवलं जाईल. खाली आणखी, दुसऱ्या पेनल्टीतल्या लोकांना औषधाऐवजी प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, मिळेल. मी आमची मराठी फाईल उघडली आणि पोटात गोळाच आला. "तुम्हाला दोनपैकी एका दंडात टाकले जाईल." एक नाही, अकरा ठिकाणी!

आता हा दंड आला कुठून, तर माझ्याच ग्लॉसरीतून. ट्रायलमध्ये 'आर्म' म्हणजे रुग्णांचा गट, एका गटाला नवीन औषध, दुसऱ्याला जुनं किंवा प्लासिबो. पण मी ग्लॉसरी केली होती आदल्या आठवड्यात रात्री साडेअकराला, जुन्या एका लसीच्या प्रोजेक्टमधून उचलून, आणि लसीच्या कामात आर्म म्हणजे दंड, जिथे सुई टोचतात तो. तिथे ते शंभर टक्के बरोबर होतं. दोन कॉलमची एक्सेल फाईल, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, शाळेत धड्याखाली शब्दार्थ असायचे ना अगदी तशी. इम्पोर्ट केली आणि झोपले.

गंमत म्हणजे (त्या दिवशी गंमत अजिबात वाटली नाही) दोघा भाषांतरकारांनी बरोबर 'गट'च लिहिलं होतं. मग फाईल गेली रिव्ह्यूला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये क्यूए, म्हणजे चुकांची आपोआप तपासणी, चालवला की ग्लॉसरीतला शब्द जिथे वापरलेला नाही तिथे लाल खूण येते. आणि मराठीत तो क्यूए म्हणजे डोक्याला ताप असतो. ग्लॉसरीत 'मात्रा' लिहा, वाक्यात येतं 'मात्रेनंतर', 'मात्रेचा', की आला लाल, कारण त्या बिचाऱ्याला सामान्यरूप कळत नाही. त्यावर उपाय म्हणून शब्दाचा फक्त पुढचा भाग द्यायचा, 'मात्र' एवढाच, तर मग 'रुग्ण मात्र घरी गेला' यातला मात्र पण त्याला औषधाचा डोस वाटतो. तर अशा खोट्या खुणा तीनशेच्या वर, त्यात या अकरा खऱ्या. रिव्ह्यूवर होती ती मुलगी नवीन, दुसरंच काम तिचं, आणि मी मेलमध्ये बोल्ड करून लिहिलेलं, ग्लॉसरीबाहेर अजिबात जायचं नाही. नाही गेली ती. अकराच्या अकरा गट काढून दंड घातले.

फोन केला तेव्हा ती रडवेली. "ताई, मला वाटलं होतं काहीतरी चुकतंय, पण तुम्हीच दिलेली लिस्ट ना." यावर मी काय बोलणार.

एथिक्स कमिटीला कागद दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे होते, म्हणजे दुरुस्त करून, परत बॅक ट्रान्सलेशनवाल्याकडून तेवढी वाक्यं करून घेऊन, सगळं रात्रीत. मी म्हटलं फाइंड-रिप्लेस करू, पाच मिनिटांचं काम. तर नाही ना! एका पानावर बीपी मोजायचं होतं, तिथला दंड खरा दंड होता. शिवाय मूळ इंग्रजीत आर्म वेगळं, ग्रुप वेगळं, कोहॉर्ट वेगळं, आणि आम्ही तिन्हीला 'गट' म्हणून मोकळे झालेलो. एकाच परिच्छेदात "या गटातील पहिल्या गटाचे दोन गट". कुणाला कळणार आहे ते? रात्री नऊला आम्ही चौघं कॉलवर, शेवटी ठरलं की आर्म म्हणजे 'उपचार गट', कोहॉर्ट म्हणजे 'तुकडी', शाळेमुळे तो शब्द सगळ्यांना कळतो, आणि ग्रुपला नुसता 'गट'. 'रँडम'साठीचा 'यादृच्छिक' पण तेव्हाच उडवला. परिभाषा कोशात तो बरोबर आहे, पण सातारच्या ओपीडीतल्या आजोबांना 'नाणं उडवून ठरवल्यासारखं' हेच कळतं.

परिभाषा कोशांचा मला त्या रात्री नव्याने आदर वाटला. भाषा संचालनालय १९६० पासून हे काम करतंय, आणि आपण नुसतं 'शासकीय मराठी' म्हणून नाकं मुरडतो, पण त्यांचे कोश विषयवार वेगळे आहेत हे कधी नीट बघितलंय का? 'चार्ज'च घ्या, भौतिकशास्त्रात प्रभार, कोर्टात दोषारोप, कचेरीत कार्यभार, आणि मोबाईलला आपला चार्जिंगच. त्याहून जुनं म्हणजे शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करून घेतला, तोही वर्गवार आहे, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असा. म्हणजे शब्द कुठल्या खात्यातला हे साडेतीनशे वर्षांपूर्वी लोकांना कळत होतं आणि मी एक्सेलमध्ये ते कॉलमच ठेवलं नव्हतं. ग्लॉस म्हणजे मुळात समासात लिहिलेली टीप म्हणे. आणि माझ्या ग्लॉसरीत टीपच नाही!

पावणेतीनला फाईल गेली. सकाळी पीएमचा एका शब्दाचा मेसेज, 'ओके'. त्या कामाचे पैसे मी अर्धेच लावले, कुणी मागितलं नव्हतं, पण लाज वाटत होती.

आता आमच्या ग्लॉसरीत सहा कॉलम आहेत. इंग्रजी, मराठी, विषय, अर्थ एका ओळीत, कुठला शब्द वापरायचा नाही, आणि टीप. आर्म दोनदा आहे, दोन वेगळ्या ओळी, कारण कल्पना दोन आहेत. लोकांना ग्लॉसरी म्हणजे छोटी डिक्शनरी वाटते, पण डिक्शनरी सगळे अर्थ सांगते आणि ग्लॉसरीने या कामापुरता एकच धरायचा असतो, तो का धरला हे लिहिलं नाही तर पुढच्या माणसाला ते कोडंच. आणि क्यूएच्या लाल खुणेवर शंका आली तर दुरुस्त करायच्या आधी विचारायचं, हे आता मेलमध्ये बोल्ड असतं.

ग्लॉसरी सांभाळायचं काम त्या मुलीलाच दिलंय. पहिल्या दिवशी मी 'दंड'पुढे टीप टाकली होती, "फक्त शरीराचा अवयव. ट्रायलचा गट नाही, पैशाचा दंड नाही." संध्याकाळी बघते तर खाली तिने भर घातलेली, "बैठकांबरोबर मारायचा पण नाही."